तळ दिसेपर्यंत

“ओ मॅडम, पंप रडतोय तुमचा! बंद करा त्याला आधी!”

फाटकाबाहेरून हा आवाज आला तेव्हा मी तरणतलावाच्या काठावर गुडघे टेकून बसले होते. एका हातात तळाचा गाळ ओढायचा लांब दांडा, दुसऱ्या हातात वळवळणारा निळा पाइप, आणि बाजूच्या खोलीत पंप असा किंचाळत होता की समोरच्या टॉवरच्या निम्म्या खिडक्या उघडल्या असतील. मी धावत जाऊन बटण दाबलं. एकदम शांत झालं. कण्हेरीवर अडकलेले पावसाचे थेंब पाण्यात पडत होते, तेवढाच आवाज.

“हवा शिरली पाइपात,” फाटकाबाहेरचे गृहस्थ म्हणाले. “आत येऊ का?”

“या.”

पदर खोचलेला, केस विस्कटलेले, चष्म्याच्या काचेवर शेवाळाचे हिरवे ठिपके. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कोणी आपल्याला पहिल्यांदा पाहावं, असं काही ते रूप नव्हतं. पण माणसं आपल्याला विचारून थोडीच येतात…

ते आले. उंच, सावळे, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. फाटकाशीच त्यांनी चपला काढून ठेवल्या. मागच्या अंगणात येताना कोणी चपला काढत नाही. मी ते पाहिलं आणि उगाच चष्मा पुसला.

हा तलाव माझ्या नवऱ्याचा. शरदने ठाण्यात बाळकुमला हा प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला भातशेती होती, आणि कोलशेतच्या कंपन्यांचा भोंगा झाला की आम्ही घड्याळ लावायचो. शरदला पोहण्याचं वेड. हातात चार पैसे आल्यावर त्याने बंगल्यामागे हा लहानसा तलाव बांधून घेतला, निळ्या फरशांचा. तो रोज सकाळी पोहायचा आणि मी काठावर टॉवेल आणि चहा घेऊन उभी राहायचे. इतक्या वर्षांत मी त्या पाण्यात कधी उतरले नाही. त्याने बोलावलं नाही असं म्हणणार नाही, एकदोनदा बोलावलं होतं. मी नको म्हटलं. मग माझं ते नको म्हणणं त्याच्या अंगवळणी पडलं, आणि माझ्याही.

शरद जाऊन सहा वर्षं झाली. माझी मुलगी प्रीती डोंबिवलीला असते. तिचं एकच टुमणं होतं, आई, एवढ्या घरात एकटी काय करतेस, इकडे ये. मीही हो म्हटलं होतं. दिवाळीनंतर जायचं, बंगला विकायचा. एजंटने फोटो मागितले होते आणि वर बजावलं होतं, “मावशी, पूल चकाचक पाहिजे, त्याच्यावरच घर जातं.” आता पूल साफ करणारा माणूस गणपतीसाठी कोकणात निघून गेलेला. तो परत येईपर्यंत कोण थांबणार? म्हणून मीच दांडा हातात घेतला होता.

“मी दामाजी तरे,” ते म्हणाले. “इथं गावातच राहतो. एक विचारायचं होतं… पण कसं विचारू?”

“आता आलात तर विचारून टाका, भाऊ.”

“आमचा गणपती तुमच्याकडे बुडवू का?”

मी पाहतच राहिले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची आई मनुबाई, पंच्याऐंशीच्या पुढची. त्यांच्या घरचा गणपती पिढ्यानपिढ्या होडीतून खाडीत जायचा आणि मनुबाई दर वर्षी स्वतः होडीत बसायच्या. यंदा त्यांचा खुबा मोडला. चाकाच्या खुर्चीतून बंदराच्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. आणि त्यांचा हट्ट, देव माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेला पाहिजे.

“कृत्रिम तलाव केलेत की ठिकठिकाणी,” मी म्हटलं.

“तिथली गर्दी बघितलीय ना तुम्ही? आईच्या वाट्याला लोकांच्या पाठी येतील नुसत्या. आमच्या गच्चीवरून तुमचं पाणी दिसतं. फाटकापासून इथपर्यंत उतारही आहे, खुर्ची सरळ येईल. मूर्ती शाडूची आहे, रंग पण साधे.”

मी तलावाकडे बोट दाखवलं. “या हिरव्या पाण्यात?”

“ते साफ करू की आपण! त्यात काय? तरुणपणी मी रेतीच्या होड्यांवर होतो. बुडी मारून बादलीनं रेती काढायची. खाडीचा तळ काढलाय मी मॅडम, हा तुमचा हौद म्हणजे…”

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला दांडा घेतला, पाइप पाण्याने भरून घेतला, पंप लावला आणि फावडं चालवावं तसा दांडा तळावरून सपासप चालवला. दोन मिनिटांत सगळा गाळ उसळून वर आला. हिरव्या पाण्याची पालकाची पातळभाजी झाली.

दामाजी दांडा धरून तसेच उभे. मला हसू आवरेना.

“हसा, हसा,” ते म्हणाले. “खाडीला हसलं तर ती बुडवते. तुम्ही निदान चहा तरी द्याल.”

“चहा देते. पण भाऊ, गाळ असा ओढायचा नसतो. आपण आरती ओवाळतो ना, तसा दांडा फिरवायचा. हळू. पाण्याला कळता कामा नये.”

“पाण्याला कळता कामा नये…” त्यांनी ते स्वतःशीच म्हणून पाहिलं. “कुठं शिकलात हे?”

“काठावर उभी राहून,” मी म्हटलं.

---

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. आदल्या संध्याकाळी पाण्यात तुरटी सोडायची, सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. मग एकाने काठावरून दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने पंपाच्या खोलीत थांबायचं. दांडा मी घेतला. पंपाच्या खोलीत दामाजी. मध्ये भिंत, त्यामुळे आम्ही एकमेकांना दिसायचो नाही. नुसता आवाज.

“चालू?”

“चालू!”

“हवा येतेय का?”

“नाय. तुम्ही गाणं म्हणताय का काय?”

“नाही बाई.”

“म्हणत होता. थांबू नका… म्हणजे दांडा थांबवू नका.”

मी खरंच गुणगुणत होते. मला माहीतही नव्हतं.

दामाजी रेतीच्या होड्या बंद झाल्यावर शाळेची बस चालवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलायला गोड, पण बढाईखोर. मी एकदा तसं म्हटलंही.

“बढाई नाय मारली तर माणूस म्हातारा होतो,” ते म्हणाले.

“मग तुम्ही काही होणार नाही म्हातारे.”

“तुमच्यापेक्षा लहानच असेन मी.”

“वय विचारताय का माझं?”

“नाय हो. दिसतंय त्यावरून आपलं…” आणि जीभ चावून ते पंपाच्या खोलीत पळाले. सासष्ट वर्षांचा माणूस, अक्षरशः पळाला.

चहा पिताना एकदा त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही स्वतः का करताय. मी सांगितलं, दिवाळीनंतर डोंबिवलीला जायचंय, घर विकायचंय, पूल स्वच्छ झाला की फोटो काढणार.

“बरं,” ते म्हणाले.

तेवढंच. कप विसळून उपडा ठेवला आणि निघून गेले. त्या दिवशी मला सारखं वाटत राहिलं की एखाद्या माणसाने दुसरा काही शब्द बोलायला काय हरकत होती. कोणता, ते मात्र मला सांगता आलं नसतं.

---

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी पाणी निळंशार होतं. तळाच्या फरशांमधल्या रेघासुद्धा दिसत होत्या. दामाजींचे पुतणे, भाचे, नाती, सगळे वाजतगाजत आले आणि मधोमध चाकाच्या खुर्चीत मनुबाई. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण, डोळे तीक्ष्ण.

“ही तुझी बाव?” तलावाकडे बोट करून त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“पवतेस?”

“नाही. मी कधी उतरले नाही यात.”

“घरामागं पानी आन् तू कवा उतरली नाय!” त्या दामाजींकडे वळल्या. “आयकलंस का रे? आपल्यातली पोरं चालाया लागायच्या आधी पवतात.”

आरती झाली. दामाजी मूर्तीचा पाट उचलून पायऱ्यांकडे निघाले, तशा मनुबाई कडाडल्या, “थांब! घर कोनाचं? जिचं घर तिनं पाटाला हात लावला पायजे. आपुन पावने हाव.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाण्याकडे पाहिलं. मग साडी जराशी वर धरली आणि पहिली पायरी उतरले.

पाणी गार होतं… इतकं गार की श्वास अडखळला. दुसरी पायरी. साडी फुलासारखी वर तरंगायला लागली. तिसऱ्या पायरीवर दामाजी उभे होते, दोन्ही हातांत पाट. मला हात द्यायला त्यांच्याकडे हात नव्हता. त्यांनी नुसता कोपर पुढे केला. मी तो धरला.

“भीती वाटते?” त्यांनी हळूच विचारलं.

“वाटते.”

“मग घट्ट धरा. लाजताय कुणाला?”

मी पाटाची दुसरी बाजू धरली. मूर्ती आम्ही तीनदा पाण्यात बुडवून वर काढली आणि चौथ्यांदा सोडून दिली. पाटाखाली त्यांची बोटं माझ्या बोटांवर होती. मुद्दाम नव्हती. काढून घेतली नाहीत, एवढंच. मीही नाही काढली.

“पुढल्या वर्सालापन हितंच आणायचा,” मनुबाईंनी जाहीर करून टाकलं. पोरांनी मोरया केला. दामाजी रिकामा पाट घेऊन पायऱ्या चढले. मीही पाण्यातून वर आले आणि साडी पिळत राहिले. पुढच्या वर्षी हे घर माझं नसेल, ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

---

शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते आणि तळाशी मातीचा मऊ थर बसतो. तो काढल्याशिवाय एजंटचे फोटो होणार नव्हते. पण पंप लावला तर ते पाणी थेट रस्त्याच्या गटारात जाणार. हे मनुबाईंना कळलं आणि त्यांनी खुर्चीचे हात आपटले.

“माझा देव गटारात? पोरी, तुझ्या झाडांना घाल ती माती. झाडं वाढतील.”

म्हणून पंप बंद. आमची बाग खाडीच्या बाजूला उतरत जाते, त्यामुळे लांब पाइप भरून त्याचं एक टोक खाली झाडांत सोडलं की पाणी आपोआप वाहतं. मी वर दांडा घेऊन, दामाजी खाली बागेत पाइप धरून. मध्ये सगळा बंगला. ओरडून ऐकू जाईना, तेव्हा दामाजी म्हणाले, फोन लावून ठेवू. एका आवारातली दोन म्हातारी माणसं, कानाला फोन. समोरच्या टॉवरवरून कोणी पाहिलं असेल तर काय म्हणालं असेल, कोण जाणे.

“ऐकू येतंय?”

“येतंय. चिकूपाशी आहे. आलं पाणी… दुधासारखं आहे.”

“एकाच झाडाला जास्त देऊ नका.”

“सरकलो. आता नारळ.” जरा थांबून ते म्हणाले, “तुमचा आवाज फोनवर वेगळा लागतो.”

“कसा?”

“पूर्वी रेडिओवर बाई बातम्या द्यायच्या ना, तसा.”

“म्हणजे कंटाळवाणा.”

“छे! बातमी काय पण असू दे, ऐकत बसावंसं वाटायचं. मी तर होडी वल्हवायचा थांबायचो.”

पाण्यात माझा दांडा जागीच राहिला.

“मॅडम? आहात ना?”

“आहे. आणि मला मॅडम म्हणू नका. शाळेची बस सुटल्यासारखं वाटतं. चित्रा म्हणा.”

पलीकडून पाइप खाली टेकल्याचा आवाज आला.

“चित्रा…” मग ते म्हणाले. “बरं वाटतं म्हणायला.”

“दामाजी, माझा दांडा थांबलाय.”

“माझा पाइपपण. मघापासून एकाच नारळाला पाणी जातंय.”

आणि मग फोनमधून तिसराच आवाज आला, खणखणीत.

“मरंल तो नारल! सरक रं पुढं! आन् बाय, तू पन हात हालव. ह्याचा फोन नेहमी असाच मोठ्यानं बोलतो. मना दोघांचं सगलं आयकू येतं!”

मनुबाई चिकूखाली सावलीत बसल्या होत्या. दामाजींचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी काठावर एकटी उभी राहून कानापर्यंत लाल झाले. खालून त्या माउलीचं हसणं ऐकू येत होतं, फोनमधूनही आणि बागेतूनही, थोडं मागेपुढे.

दुपारी वरण फोडणीला टाकताना लक्षात आलं, की भाऊ म्हणायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

---

शाडूची माती चारपाच सकाळींत निघायला हवी होती. पितृपक्ष लागला, सरत आला, तरी तळ दिसेना. रोज सकाळी पाणी दुधट.

“शाडू फार बारीक असते,” दामाजी म्हणायचे.

“हो ना,” मी म्हणायचे.

प्रीतीचे फोन यायचे. “आई, झाला का पूल? एजंट मला छळतोय.” मी म्हणायचे, अगं, तळच दिसत नाही अजून.

आता खरं सांगते. दामाजी यायच्या आधी मी रोज लांब ब्रश घेऊन काठाशी जायचे, आणि तळावरून दोनदा, फक्त दोनदा, जोरात फिरवायचे. बसलेली माती ढगासारखी वर यायची. मग ब्रश जागेवर ठेवून, हात धुऊन, मी चहाचं आधण ठेवायचे. तरुण मुली भेटायला काय काय निमित्तं काढतात. मला आयुष्यात कधी काढावी लागली नव्हती. माझं लग्न ठरलं तेव्हा चहाचे कप होते आणि समोर पाच माणसं. शरदवर माझी माया होती, खोटं बोलणार नाही. पण कोणाच्या पावलांच्या आवाजासाठी कान देऊन बसणं, ते मात्र मला नवीन होतं. या वयात नवीन गोष्ट अंगावर आली की माणूस घाबरतो. मी घाबरले होते. आणि रोज ब्रश फिरवत होते.

एके दिवशी जाग लवकर आली. उजाडायला लागलं होतं, टॉवरांमागचं आभाळ फिकट होतं. मी ब्रश घेऊन मागचं दार उघडलं.

काठावर दामाजी उभे होते. पाइप हलवायला सोपं पडावं म्हणून मागच्या फाटकाची किल्ली मीच त्यांना दिली होती. त्यांच्या हातात बांबू होता आणि ते तलाव ढवळत होते. चांगले मन लावून, कढईतली बासुंदी ढवळावी तसे.

“दामाजी!”

ते जागच्या जागी थिजले. “काही नाय… गाळ किती राहिलाय ते बघत होतो.”

“ढवळून बघतात?”

त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. हातात ब्रश.

“आणि तुम्ही काय करायला आलात?”

“मी… झाडायला.”

“पाण्यात?”

मला हसायचं होतं, पण डोळ्यांतून भलतंच यायला लागलं. दामाजींनी बांबू खाली ठेवला. हात पुसले, आधी पंच्याला, मग उगाच पुन्हा.

“तळ दिसला की फोटो निघतील,” ते म्हणाले. “फोटो निघाले की घर जाईल. मग तुम्ही… मला काही मागायचा हक्क नाय चित्रा. तुमचं घर आहे, मुलगी आहे. मी कोण? गणपती बुडवायला आलेला माणूस. त्या दिवशी तुम्ही डोंबिवलीचं सांगितलं आणि मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? घरी जाऊन आईवर चिडलो. तिनं विचारलं, कुणाचा राग माझ्यावर काढतोस?”

“मग काय सांगितलंत?”

“काही नाय. तिला सांगावं लागत नाय.”

पाणी दोघांच्या मध्ये हळूहळू फिरत होतं, पांढुरकं.

“दामाजी,” मी म्हटलं, “मी रोज ढवळतेय. तुम्ही यायच्या आधी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. पांढऱ्या मिशांखाली काहीतरी थरथरलं.

“म्हणजे दोघांनी मिळून…”

“हो.”

“बिचारं पाणी,” ते म्हणाले.

आणि मग आम्ही हसलो. पाचव्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून बाल्कनीत आलं, तरी आम्ही हसतच होतो.

“मला जायचं नाही,” मी म्हटलं. मोठ्याने, पहिल्यांदाच. आणि म्हटल्याबरोबर प्रीतीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

---

प्रीती रविवारी आली. फोनवर मी नुसतं ‘ये’ म्हटलं होतं. ती सरळ मागच्या अंगणात गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आई! इतके दिवस झाले, आणि हे असं पाणी? काय करत होतीस तू?”

दामाजी पाइप गुंडाळत होते. तिने मला हलक्या आवाजात विचारलं, “हे पूलवाले का?”

“नाही. हे दामाजी तरे. माझ्याकडे येतात.”

माझ्याकडे येतात. दोनच शब्द, पण प्रीती माझी मुलगी आहे. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दामाजी म्हणाले, “मी येतो मग नंतर.”

“थांबा,” मी म्हटलं.

थांबा, असं मी उभ्या आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. लोक जायला निघाले की मी त्यांना डबा भरून द्यायचे.

स्वयंपाकघरात प्रीतीने दार लोटून घेतलं.

“आई, हा बाबांचा पूल आहे.”

“आहेच. बाबांची जागा बाबांचीच आहे गं. मी माझ्या सकाळींचं बोलतेय.”

“लोक काय म्हणतील, ते एक सोडून दे. पण मी? मी तुझी खोली रंगवून घेतली आई. खिडकीत तुझ्यासाठी तुळस लावलीय. मुलं विचारतात, आजी कधी येणार…”

तिचा आवाज फुटला. तिची काळजी खोटी नव्हती, ती खोलीही खोटी नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. लहानपणी ताप आला की घ्यायचे तसा.

“मी येईन. आठ दिवस राहीन, महिनाभर राहीन. पण परत यायला मला हे घर हवंय. मी एकटी आहे म्हणून तू मला नेणार होतीस ना? मग मी एकटी नाही, हे तुला सांगायला नको?”

“तू सुखात आहेस का?” तिने विचारलं. रागानेच विचारलं.

“मी पाण्यात उतरले होते, प्रीती.”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिने लहानपणापासून मला काठावरच पाहिलं होतं.

निघताना ती चिडलेलीच होती. एजंटला काय सांगायचं ते मी बघते, म्हणाली, आणि मला थोडे दिवस फोन करू नकोस, असंही म्हणाली. फाटकाशी दामाजी उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

“तुम्हाला पोहता येतं?” तिने विचारलं.

“येतं.”

“आईला येत नाही. ती पाण्यात उतरली तर लक्ष ठेवा.”

आणि मागे वळून न पाहता गाडीत बसली.

---

त्यानंतर आम्ही तो तलाव खरोखर स्वच्छ केला. ब्रश कोणी उचलला नाही, बांबूही नाही. दांडा आरतीसारखा फिरला, सगळी माती झाडांना गेली, आणि घटस्थापनेच्या आदल्या सकाळी तळ दिसला, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत निळा. दामाजींनी पाइप गुंडाळून पंपाच्या खोलीत टांगला, खोलीला कडी घातली, मागच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि गेले. मी थांबवलं नाही. काम संपलं होतं. आता जे व्हायचं ते त्यांनी स्वतःच्या पायांनी यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं. एक कप पाणी. मग हात अडखळला आणि आणखी एक कप घातलं. उकळी आली. साखर घातली. बाहेर नुसते कावळे.

चहा गाळत होते, तेव्हा पुढच्या फाटकाची कडी वाजली.

दामाजी. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काहीच नाही. ना पिशवी, ना पाना, ना पाइपाचा तुकडा. ते जरा अवघडून उभे होते.

“आज काय काम काढलंत?” मी विचारलं.

“काहीच नाय,” ते म्हणाले. “आज काहीच काम नाय.”

“मग?”

“मग… बसू का?”

मी दुसरी खुर्ची ओढून काठाशी ठेवली.